बेयर यांचा वलय-ताण सिद्धांत : समीक्षा

कार्बनी संयुगांतील वलयांचे स्थैर्य त्या वलयांतील बंधकोनांवरून ठरविण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न. म्यूनिक येथील जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बेयर यांनी तो १८८५ मध्ये केला. कार्बन अणूच्या चार संयुजा चतुष्फलकाच्या चार शिरोबिंदूंकडे रोखलेल्या असून कोणत्याही दोन संयुजांमधील कोन १०९° २८′ असतो. वलय तयार होताना हा कोन कमी किंवा अधिक करावा लागला, तर बंध वाकतात, रेणूत ताण निर्माण होतो आणि ताणाच्या प्रमाणात वलय अस्थिर होते, हा त्या सिद्धांताचा गाभा होय. या गाभ्याबरोबरच बेयर यांनी आणखी एक गोष्ट गृहीत धरली होती. सर्व वलये सपाट आहेत, म्हणजे त्यांतील कार्बन अणू एकाच प्रतलात आहेत, हे ते गृहीतक. गाभा मूलतः योग्य ठरला. गृहीतक मात्र तीन कार्बनी वलयाखेरीज अन्यत्र टिकले नाही. तथापि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत गाभा व गृहीतक ही दोन्ही अद्याप एकाच कोष्टकात बांधून शिकविली जातात. विद्यार्थ्याला कोष्टक पाठ होते. परंतु त्यातील कोणता भाग ग्राह्य आणि कोणता त्याज्य याचा विवेक क्वचितच दिला जातो. प्रस्तुत नोंदीत तो विवेक करण्याचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : यांकोबस हेन्रिकस व्हांट हॉफ व झोझेफ आशील ल बेल यांनी १८७४ मध्ये कार्बनाच्या चतुष्फलकीय संयुजांची कल्पना स्वतंत्रपणे मांडली. त्या काळी सहापेक्षा कमी कार्बन अणूंची वलये अस्तित्वात असू शकतील, यावर बहुतेक रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. आउगुस्ट फ्रॉइंड यांनी १८८१ मध्ये सायक्लोप्रोपेन तयार केले आणि बेयर यांच्याच प्रयोगशाळेत धाकटे विल्यम हेन्री पर्किन यांनी १८८३-८४ मध्ये तीन व चार कार्बनी वलयांची संयुगे बनविली. ही वलये बनतात. पण सहज उघडतात, हा अनुभव समोर होता. बेयर त्या सुमारास एकापुढे एक त्रिबंध असलेल्या पॉलिॲसिटिलीन संयुगांवर काम करीत होते आणि त्या संयुगांच्या स्फोटक स्वभावाचे कारण शोधीत होते. वलय-ताणाचा विचार त्यांनी त्याच निबंधाला जोडून मांडला. द्विबंध हे दोन अणूंचे वलयच होय, असे मानून त्यांनी दोनपासून पुढील वलयांचे गणित केले. त्या काळाच्या मानाने हे पाऊल फार मोठे होते, कारण रेणूच्या भूमितीवरून त्याच्या रासायनिक वर्तनाचे अनुमान करण्याची रीत तोवर रुजलेली नव्हती.

विचलनाचे गणित : समतल त्रिकोणाचा कोन ६०° असतो. चतुष्फलकीय कोनापेक्षा तो ४९° २८′ इतका कमी आहे. ही तूट दोन्ही बंधांनी निम्मी निम्मी सोसली असे मानल्यास प्रत्येक बंधाचे विचलन २४° ४४′ येते. चौकोनात ते ९° ४४′ आणि पंचकोनात केवळ ०° ४४′ आहे. षट्कोनापासून विचलनाचे चिन्ह बदलते. कोन चतुष्फलकीय कोनापेक्षा मोठा होतो आणि बंध बाहेरच्या बाजूला वाकतात. खालील कोष्टकात बेयर यांच्या पद्धतीने काढलेली विचलने आणि त्यांच्याशेजारी पुढील काळात मोजलेल्या ज्वलन-उष्णता दिल्या आहेत. कार्बन अणूंची लांब उघडी शृंखला असलेल्या संतृप्त हायड्रोकार्बनांत प्रत्येक मिथिलीन गटामागे सु. १५७·४ किलोकॅलरी (किकॅ.) उष्णता बाहेर पडते. याहून अधिक मिळणारी उष्णता म्हणजे वलयात साठलेल्या ताणाची ऊर्जा होय.

कोष्टक : बेयर विचलन आणि ज्वलन-उष्णतेवरून मिळणारा ताण

| वलयातील कार्बन अणू | समतल वलयाचा कोन | बेयर विचलन | ज्वलन-उष्णता, प्रत्येक मिथिलीन गटामागे (सु. किकॅ.) | वलयाचा एकूण ताण (सु. किकॅ. प्रतिमोल) |
|---|---|---|---|---|
| ३ | ६०° | २४° ४४′ | १६६·६ | २७·६ |
| ४ | ९०° | ९° ४४′ | १६४·० | २६·४ |
| ५ | १०८° | ०° ४४′ | १५८·७ | ६·५ |
| ६ | १२०° | −५° १६′ | १५७·४ | ० |
| ७ | १२८° ३४′ | −९° ३३′ | १५८·३ | ६·३ |
| ८ | १३५° | −१२° ४६′ | १५८·६ | ९·६ |
| ९ | १४०° | −१५° १६′ | १५८·८ | १२·६ |
| १० | १४४° | −१७° १६′ | १५८·६ | १२·० |
| १५ | १५६° | −२३° १६′ | १५७·५ | १·५ |

कोष्टकाचा तिसरा व पाचवा स्तंभ शेजारी ठेवून वाचले असता सिद्धांताचे बल आणि दौर्बल्य ही दोन्ही दिसून येतात. तीन व चार कार्बनी वलये अतिशय ताणलेली असावीत, हे अनुमान खरे ठरते. पंचकोनी वलय सर्वांत स्थिर असावे, हे अनुमान चुकते, कारण ताणाच्या दृष्टीने सहा कार्बनी वलय अग्रस्थानी आहे. सहाच्या पुढे ताण वलयाच्या आकाराबरोबर वाढतच जावा, हे अनुमान तर पूर्णतः चुकते. तो नऊ-दहा अणूंपर्यंत वाढतो आणि पंधराच्या सुमारास जवळजवळ नाहीसा होतो.

या विसंगतीचे एक टोकाचे उदाहरण सतरा अणूंच्या वलयाचे आहे. समतल सतराकोनाचा कोन सु. १५८° ४९′ असून बेयर यांच्या पद्धतीने त्याचे विचलन सु. −२४° ४१′ येते. म्हणजे सायक्लोप्रोपेन आणि सतरा अणूंचे वलय यांच्या विचलनांत, चिन्ह सोडल्यास, अवघ्या तीन कलांचा फरक राहतो. सिद्धांत अक्षरशः खरा असता, तर जवादी मांजराच्या सुगंधी स्रावातील सिव्हेटोन हे सतरा कार्बनी वलयाचे कीटोन सायक्लोप्रोपेनाइतकेच चटकन फुटावयास हवे होते. प्रत्यक्षात ते एक अत्यंत स्थिर संयुग आहे.

समतलतेचे गृहीतक व त्याचा त्याग : वलय सपाटच असले पाहिजे, असे चतुष्फलकीय कार्बनाच्या कल्पनेतून कोठेही निष्पन्न होत नाही. हेरमान झाक्स यांनी १८९० मध्ये भूमितीच्या आधारे दाखवून दिले की, सहा कार्बनी वलय किंचित दुमडले तर प्रत्येक कोन चतुष्फलकीय राहू शकतो आणि ताण उरत नाही. अशा दोन रचना त्यांनी वर्णिल्या. त्यांना पुढे आकारसाम्यावरून खुर्ची-रूप व होडी-रूप ही नावे मिळाली. झाक्स यांचे प्रतिपादन गणिती स्वरूपाचे असल्याने समकालीनांना ते दुर्बोध वाटले आणि १८९३ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. तथापि त्यांच्या उपेक्षेचे सारे खापर दुर्बोधतेवर किंवा बेयर यांच्या अधिकारावर फोडणे न्याय्य होणार नाही. खुर्ची-रूपात प्रत्येक कार्बनावरील दोन जागा एकसारख्या नसतात. एक वलयाच्या अक्षाला समांतर (अक्षीय), तर दुसरी वलयाच्या कडेने बाहेर रोखलेली (विषुववृत्तीय) असते. तेव्हा वलयावर एकच गट जोडला तरी दोन भिन्न समघटक मिळावयास हवेत, असे दिसत होते. प्रयोगशाळेत मात्र एकच पदार्थ मिळे. उपलब्ध पुरावा समतल वलयाच्या बाजूचा होता आणि त्या पुराव्याला मान देणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांचे वर्तन अशास्त्रीय म्हणता येत नाही.

या कोड्याची उकल एर्न्स्ट मोर यांनी १९१८ मध्ये केली. क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची संरचना १९१३ मध्ये निश्चित झाली होती व तीत खुर्चीच्या आकाराची सहा कार्बनी वलये एकमेकांत गुंफलेली दिसत होती. मोर यांनी असे सुचविले की, एक खुर्ची-रूप दुसऱ्यात इतक्या सुलभतेने पालटते की, दोन समघटक वेगळे करणे शक्यच होत नाही. आता हे ज्ञात आहे की, सर्वसाधारण तापमानाला सायक्लोहेक्झेनाचे वलय सेकंदाला सु. एक लाख वेळा पालटते. दोन वलये एका बाजूने जोडलेल्या डेकॅलिनाचे दोन समघटक असले पाहिजेत, असेही भाकीत मोर यांनी केले होते. व्हाल्टर ह्यूकेल यांनी १९२५ मध्ये ते दोन्ही वेगळे करून दाखविले. वलये समतल असती, तर त्यांपैकी एक अत्यंत ताणलेला ठरला असता. पुढे १९६६ मध्ये क्लोरोसायक्लोहेक्झेनाची अक्षीय व विषुववृत्तीय रूपे सु. −१५०° से. तापमानाला परस्परांपासून वेगळी करण्यात आली. झाक्स यांना अपेक्षित असलेले समघटक अशा रीतीने पाऊणशे वर्षांनंतर हाती आले.

नॉर्वेचे ऑड हासेल यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या पद्धतीने सायक्लोहेक्झेनाचे खुर्ची-रूप प्रस्थापित केले. डेरेक बार्टन यांनी १९५० मध्ये या भूमितीवरून स्टेरॉइडांच्या विक्रियाशीलतेचा अर्थ लावला. या दोघांना १९६९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वलय-ताणाचा विचार अशा रीतीने संरूपण विश्लेषणात विलीन झाला. [⟶ त्रिमितीय रसायनशास्त्र].

ऊस, आले व हळद यांतील वलये : कार्बनी वलयांचा विषय प्रयोगशाळेपुरता मर्यादित आहे, असा समज पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांमुळे होतो. कृष्णा खोऱ्यातील पिकांकडे पाहिल्यास तो दूर होतो. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर व कोरेगावपासून कराडमार्गे सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात ऊस हे प्रमुख नगदी पीक असून आले व हळद ही पिकेही या भागाच्या ओळखीची आहेत. उसाच्या रसातील साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या प्रत्येक रेणूत दोन वलये असतात. ग्लुकोजाच्या भागात पाच कार्बन व एक ऑक्सिजन यांचे सहा अणूंचे, तर फ्रुक्टोजाच्या भागात चार कार्बन व एक ऑक्सिजन यांचे पाच अणूंचे वलय असते. ही वलये केवळ कार्बनाची नसली, तरी ऑक्सिजनाचा बंधकोन चतुष्फलकीय कोनाच्या जवळचा असल्याने त्यांना तीच भूमिती लागू पडते. साखरेच्या स्फटिकातील ग्लुकोजाचे वलय खुर्ची-रूपात असते आणि फ्रुक्टोजाशी जोडणारा ऑक्सिजन सोडल्यास त्यावरील इतर गट विषुववृत्तीय जागी असतात. फ्रुक्टोजाचे पाच अणूंचे वलयही सपाट नसून किंचित दुमडलेले असते. रहिमतपूरच्या एखाद्या विद्यालयातील विद्यार्थ्याच्या घरी असलेला साखरेचा प्रत्येक दाणा समतलतेच्या गृहीतकाविरुद्धचा पुरावाच आहे.

येथे पाठ्यपुस्तकांच्या आणखी एका सवयीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. शर्करांच्या वलयांचा आकार निश्चित करण्यात वॉल्टर नॉर्मन हॉवर्थ यांचा वाटा मोठा असून १९३७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. कागदावर लिहिण्याच्या सोयीसाठी त्यांनी शर्करेचे वलय सपाट षट्कोनाच्या रूपात दाखविण्याची पद्धत रूढ केली. तथापि हे वलय वस्तुतः सपाट नाही, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. संरूपण या अर्थाची इंग्रजी संज्ञा त्यांच्याच १९२९ च्या शर्कराविषयक ग्रंथात प्रथम वापरली गेली. आकृती ही सोय आहे, सत्याचे चित्र नव्हे, हे न सांगता ती फळ्यावर काढली की, बेयर यांचे टाकून दिलेले गृहीतक मागच्या दाराने पुन्हा वर्गात शिरते.

आल्याच्या तेलातील झिंजिबेरीन व हळदीच्या तेलातील आल्फा-टर्मेरोन यांत सहा कार्बनी वलये आहेत. परंतु त्या वलयांत द्विबंध असल्याने ती खुर्ची-रूप धारण करू शकत नाहीत. द्विबंधाच्या कार्बनाभोवतीचे कोन सु. १२०° असून त्याचे शेजारी त्याच्याच प्रतलात येतात. बेंझिनाचे वलय पूर्णतः सपाट असते तेही याच कारणाने. तेव्हा ‘समतल वलय अशक्य’ असा उलट टोकाचा नियम करणे तितकेच चुकीचे ठरेल. बेयर यांचे कोष्टक संतृप्त कार्बनापुरते आहे आणि तेथेही ते केवळ पहिल्या दोन ओळींपुरते आधाराला घेता येते.

ताणाचे इतर घटक : बंधकोनाचे विचलन हे ताणाचे एकमेव कारण नाही. कोष्टकातील चार कार्बनी वलयाचे विचलन तीन कार्बनी वलयाच्या निम्म्याहूनही कमी आहे, तरी दोहोंचा एकूण ताण जवळजवळ सारखा आहे. पाच कार्बनी वलयाचे विचलन नगण्य असूनही त्यात सु. ६·५ किकॅ. ताण आढळतो. यावरून अन्य घटकांचा शोध घ्यावा लागला. एथेनाचे दोन मिथिल गट परस्परांसापेक्ष फिरताना त्यांवरील हायड्रोजन अणू समोरासमोर आले की, सु. ३ किकॅ. ऊर्जा अधिक लागते, असे १९३६ मध्ये दिसून आले. समतल पंचकोनी वलयात सर्व शेजारी हायड्रोजने समोरासमोर येतात. ही अडचण टाळण्यासाठी वलयाचा एक कोपरा प्रतलाबाहेर उचलला जातो आणि रेणूला लिफाफ्याच्या उघड्या झाकणासारखा आकार येतो. कोनाचा थोडा ताण पत्करून रेणू समोरासमोर येण्याचा मोठा ताण टाळतो. सायक्लोब्यूटेनही याच कारणाने किंचित दुमडलेले असते आणि त्याचा कोन ९०° पेक्षाही थोडा कमी होतो. केवळ कोनाचा हिशेब करणाऱ्या सिद्धांताला ही घटना अनाकलनीय आहे.

आठ ते अकरा अणूंच्या मध्यम वलयांत तिसरा घटक येतो. वलय दुमडल्याने समोरासमोरच्या बाजूंवरील हायड्रोजने आत येऊन परस्परांना रेटतात. हा आडवा ताण कमी करण्यासाठी बंधकोन काहीसे रुंदावतात. म्हणजे मध्यम वलयांत कोन मोठे झालेले आढळतात हे खरे. पण ते समतल बहुकोनामुळे नव्हे, तर गर्दीमुळे. निरीक्षण बेयर यांच्या अनुमानाशी जुळल्यासारखे दिसले, तरी कारण निराळे असते, हे येथे ध्यानात घेणे महत्त्वाचे आहे.

सायक्लोप्रोपेनात तीन बिंदू एकाच प्रतलात असणे भूमितीनेच अटळ आहे. येथे बेयर यांचे गृहीतक आपोआप खरे ठरते. मात्र बंध म्हणजे दोन अणुकेंद्रांना जोडणारी सरळ रेषा, ही त्यांची कल्पना येथेच अपुरी पडते. चार्ल्स कूल्सन व विल्यम मॉफिट यांनी १९४० नंतरच्या दशकात पुंज यामिकीच्या आधारे दाखविले की, सायक्लोप्रोपेनातील इलेक्ट्रॉनांच्या परिकक्षा त्रिकोणाच्या बाजूंवर न राहता बाहेरच्या बाजूला फुगतात. बंध केळ्यासारखे वक्र असतात आणि परिकक्षांमधील कोन ६०° नसून १००° च्या पुढे असतो. बंध वाकतात ही बेयर यांची मूळ कल्पना अशा रीतीने त्यांना अभिप्रेत असलेल्या अर्थापेक्षाही अधिक शब्दशः खरी ठरली.

ताण व विक्रियाशीलता : ताण अधिक म्हणजे विक्रिया अधिक जलद, असे समीकरण बहुधा मांडले जाते. ते मर्यादित अर्थानेच खरे आहे. निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात सायक्लोप्रोपेनाचे वलय हायड्रोजनाने सु. ८०° से. ला उघडते, तर सायक्लोब्यूटेनासाठी सु. २००° से. तापमान लागते. हायड्रोजन ब्रोमाइडाने सायक्लोप्रोपेन उघडते; सायक्लोब्यूटेनावर त्याचा परिणाम होत नाही. दोहोंचा एकूण ताण मात्र सारखाच आहे. ताण ही साठलेल्या ऊर्जेची मोजणी आहे. ती ऊर्जा मोकळी होण्यास सोयीची वाट आहे की नाही, हा वेगळा प्रश्न होय.

पेनिसिलीन हे या बाबतीतील बोधप्रद उदाहरण आहे. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कंपनीची स्थापना होऊन १९५५ पासून तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. या औषधाच्या रेणूत तीन कार्बन व एक नायट्रोजन यांचे चार अणूंचे लॅक्टम वलय असते. ते डॉरथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केले. हे वलय जंतूंच्या भित्तिका बांधणाऱ्या एंझाइमावर उघडते, त्याला कायमचे चिकटते आणि त्याचे कार्य बंद पाडते. याचे श्रेय पुष्कळदा केवळ चौकोनाच्या ताणाला दिले जाते. परंतु सुटी, साधी चार अणूंची लॅक्टम वलये तशी बरीच टिकाऊ असतात. पेनिसिलिनात हे वलय पाच अणूंच्या वलयाला जोडलेले असल्याने नायट्रोजनाभोवतीची रचना सपाट राहू शकत नाही आणि ॲमाइड गटाला एरवी लाभणारे स्थैर्य घटते. ताण आणि हे वैगुण्य यांचा एकत्रित परिणाम औषधाच्या गुणात दिसतो.

मोठी वलये : समतलतेच्या गृहीतकाचा सर्वांत दूरगामी दुष्परिणाम मोठ्या वलयांच्या संशोधनावर झाला. आठांहून बरीच मोठी वलये ताणामुळे बनूच शकणार नाहीत, अशी धारणा सु. चाळीस वर्षे टिकून होती. निसर्गात ती आढळलेली नव्हती आणि प्रयोगशाळेत ती बनत नव्हती, हा तिचा आधार. लेओपोल्ट रुझीच्का यांनी १९२६ मध्ये सिव्हेटोनात सतरा व कस्तुरीतील मस्कोनात पंधरा कार्बनांचे वलय असल्याचे सिद्ध केले आणि ही धारणा कोसळली. मोठी वलये बनविणे अवघड का, याचे खरे कारण ताण नसून संभाव्यता हे आहे. लांब शृंखलेची दोन टोके एकमेकांना भेटण्यापूर्वी शेजारच्या रेणूच्या टोकाला भेटण्याचा संभव अधिक असतो. विद्राव पुरेसा विरल केला की, शेजारी दूर जातात आणि वलय बनू लागते. कार्ल त्सीग्लर यांनी १९३३ मध्ये याच तत्त्वावर पद्धत बसविली. बनण्याची सुलभता आणि बनल्यानंतरचे स्थैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. बेयर यांच्या अनुयायांनी त्या एक मानल्या. तीन अणूंचे वलय अतिशय ताणलेले असूनही त्याची टोके जवळ असल्याने पुष्कळदा सहज बनते, ही याचीच दुसरी बाजू होय.

पुणे येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयाला भारतीय वळण मिळाले. एस. सी. भट्टाचार्य व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात मोठ्या वलयांच्या कस्तुरीगंधी संयुगांच्या संश्लेषणावर संशोधन केले. त्यात लाखेपासून मिळणाऱ्या ॲल्युरिटिक अम्लाचा प्रारंभद्रव्य म्हणून उपयोग करण्यात आला. या अम्लाच्या रेणूत सोळा कार्बनांची सरळ शृंखला असून तिच्या एका टोकाला अम्ल गट, दुसऱ्या टोकाला हायड्रॉक्सिल गट व मध्यभागी आणखी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. दोन टोके जोडली की, सतरा अणूंचे लॅक्टोन वलय मिळते. कस्तुरभेंडीच्या बियांतील सुगंधी ॲम्ब्रेटोलाइड याच प्रकारचे आहे. बेयर यांच्या कोष्टकावर विसंबून राहिल्यास ज्या वलयाचा विचारही करू नये, ते देशी कच्च्या मालापासून पुण्यात तयार झाले. कस्तुरीमृगाचा वध टाळून तसा सुगंध मिळविण्याची वाट ज्या ज्ञानामुळे खुली झाली, त्यात एका जुन्या गृहीतकाच्या त्यागाचा वाटा आहे.

परिभाषा : मराठीत या संकल्पनेसाठी ‘ताण’ हा शब्द रूढ झाला आहे. स्थितिस्थापकतेच्या विवेचनात आकारातील बदलाला ‘विकृती’ म्हणतात आणि इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द वापरला जातो. त्यामुळे येथेही ‘विकृती’ म्हणावे, असे कोणास वाटू शकेल. तथापि बेयर यांनी वापरलेल्या ‘श्पानुंग’ या जर्मन शब्दाचा अर्थ ओढलेल्या दोरीत किंवा वाकविलेल्या धनुष्यात असतो तसा ताण असाच आहे. रेणूचा आकार बदलल्याचे केवळ वर्णन न करता त्या बदलात साठलेली ऊर्जाही हा शब्द सुचवितो. म्हणून मराठी शब्द मूळ कल्पनेला अधिक जवळचा असून तोच ठेवणे इष्ट होय.

मूल्यमापन : बेयर यांच्या सिद्धांतातील टिकाऊ भाग असा : बंधकोनाला एक नैसर्गिक मूल्य असते; त्यापासून ढळण्यासाठी ऊर्जा लागते आणि ती रेणूत साठून राहते. समतल वलय, पंचकोनाची श्रेष्ठता, मोठ्या वलयांचा वाढता ताण आणि दुर्मिळतेवरून अस्थैर्याचे अनुमान हे भाग त्याज्य होत. टिकाऊ भागाचा प्रत्यय आधुनिक संशोधनात वारंवार येतो. सर्व कोन सु. ९०° असलेले घनाकृती क्यूबेन फिलिप ईटन व टॉमस कोल यांनी १९६४ मध्ये तयार केले. त्यातील ताण सु. १६० किकॅ. इतका प्रचंड असूनही ते सर्वसाधारण तापमानाला टिकते, कारण फुटण्यासाठी त्याला सोपी वाट नाही. आठ कार्बनी वलयात त्रिबंध बसविला की, सरळ राहू पाहणारा हा बंध वाकतो आणि ताणामुळे ॲझाइड गटाशी उत्प्रेरकाविना संयोग पावतो. कॅरोलिन बर्टोझी यांनी २००४ मध्ये ही विक्रिया जिवंत पेशींवरील रेणू ओळखण्यासाठी वापरली. २०२२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या त्या एक मानकरी होत्या. बेयर यांचा विचार ज्या त्रिबंधांच्या अभ्यासातून १८८५ मध्ये निघाला, तेथेच तो अशा प्रकारे पुन्हा उपयोगी पडला आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने हे कोष्टक वगळण्याचे कारण नाही. ते ज्वलन-उष्णतेच्या स्तंभासह द्यावे आणि दोन स्तंभ कोठे जुळतात व कोठे फुटतात, हे विद्यार्थ्यालाच शोधू द्यावे. चार काड्या व मातीच्या गोळ्या घेऊन सहा कार्बनांचे वलय हाताने जोडले, तर ते सपाट बसत नाही, आपोआप दुमडते, हे कोणत्याही शाळेत पाहता येते. गृहीतकाची परीक्षा करण्यासाठी याहून मोठे साधन लागत नाही. सिद्धांताचा गणिती भाग बिनचूक असूनही न तपासलेल्या एका गृहीतकामुळे त्याची अनुमाने कशी चुकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण कार्बनी रसायनशास्त्रात दुसरे क्वचितच सापडेल. [⟶ ॲलिसायक्लिक संयुगे, संरूपण विश्लेषण].